मोत्यासारखं अक्षर, आणि माणूस?

बँकेतल्या नोकरीची पस्तीसएक वर्षं माझी गेली, आणि त्यातली बरीचशी सह्या पडताळण्यात गेली. चेक समोर यायचा, नमुना सहीचं कार्ड काढायचं, दोन्ही शेजारी धरायचं आणि पाहायचं. पुढे पुढे कार्ड काढण्याआधीच अंदाज येऊ लागला. सहीतला हात ओळखता येतो, तसा सहीमागचा माणूसही ओळखता येतो, असं मला वाटू लागलं होतं. घाईत सही करणारा, घाबरून करणारा, रुबाबात करणारा. शाळेत आमच्या गुरुजींनी हेच तर शिकवलं होतं. ज्याचं अक्षर नीट, त्याचं वागणं नीट. समर्थांनी दासबोधात अक्षर कसं काढावं यावर एक अख्खा समास लिहिला, तो काही उगाच नव्हे, असं ते सांगत. आपल्याकडे मोत्यासारखं अक्षर असलेल्या मुलाला अर्धे गुण वर्तणुकीचेच मिळालेले असतात.

माझा हा समज एका इंग्रज माणसानं मोडला. त्याचं नाव एरिक गिल. तो १९४० मध्ये वारला, म्हणजे माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. त्याच्याशी माझी ओळख झाली ती त्याच्या अक्षरांमधून, आणि कित्येक वर्षं मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत संध्याकाळी बँकेतून निघालो की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, हा माझा नेम होता. त्यात नारिंगी पट्ट्यांची पेंग्विनची पुस्तकं असायची. वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली पुन्हा नारिंगी, आणि पांढऱ्या पट्ट्यावर पुस्तकाचं नाव. नाव लिहिण्यात काहीही सजावट नाही. अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत, वळणांत लाडिकपणा नाही. तरीही ते अक्षर कोरडं वाटायचं नाही. खादीचा स्वच्छ, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस समोर उभा राहावा तसं वाटायचं. पुढे पुष्कळांनी हेच अक्षर बीबीसीच्या तीन चौकोनांत पाहिलं असेल. १९९७ पासून २०२१ पर्यंत ते तिथं होतं. त्या अक्षराचं नाव गिल सॅन्स.

गिलचा जन्म २२ फेब्रुवारी १८८२ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन गावचा. घरात तेरा भावंडं, वडील धर्मोपदेशक, पैसा बेताचा. लहानपणी त्याला आगगाडीच्या इंजिनांची चित्रं काढण्याचं वेड होतं. १८९७ मध्ये कुटुंब चिचेस्टरला आलं. तिथल्या कलाशाळेत थोडं शिकून १९०० मध्ये तो लंडनला गेला आणि चर्चच्या इमारती बांधणाऱ्या एका वास्तुशिल्पकाराच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. त्या कामात त्याचं मन रमेना. संध्याकाळी तो दगडकामाच्या वर्गाला जाई, आणि दुसऱ्या एका वर्गाला, जिथं अक्षर शिकवलं जाई. तिथले शिक्षक होते एडवर्ड जॉन्स्टन.

जॉन्स्टन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण लंडनच्या भुयारी रेल्वेनं प्रवास केलेल्या प्रत्येकानं त्यांचं अक्षर पाहिलेलं असतं. छपाईच्या यंत्रांमुळे हाताचं सुंदर अक्षर मरत चाललं होतं, त्या काळात या माणसानं जुनी हस्तलिखितं समोर ठेवून बोरू कसा धरायचा, कोणत्या कोनात धरला म्हणजे रेघ कुठं जाड आणि कुठं बारीक येते, हे नव्यानं शोधून काढलं. गिल त्यांचा विद्यार्थी झाला, मग त्यांच्याच बिऱ्हाडात राहू लागला. १९०३ मध्ये त्यानं वास्तुकलेची उमेदवारी सोडली आणि दगडावर अक्षरं कोरणारा कारागीर म्हणून पोट भरायला सुरुवात केली. थडग्यांवरचे दगड, दुकानांच्या पाट्या, स्मारकांवरचे लेख. पुढच्याच वर्षी त्यानं लग्न केलं.

दगडावर अक्षर कोरणाऱ्याला चूक परवडत नाही. कागद फाडून नवा घेता येतो, दगडाचं तसं नाही. अक्षर आधी आखायचं, मग छिन्नीनं इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडत जायचं. ऊन त्या खाचेत उतरलं की एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते, म्हणून अक्षर दिसतं. रोमन लोकांनी सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर इसवी सन ११३ च्या सुमारास कोरलेली अक्षरं आजही या विद्येतली कसोटी मानली जातात. त्या अक्षरांतलं रुंदी-उंचीचं प्रमाण गिलच्या बोटांत मुरलं.

१९०७ मध्ये तो ससेक्समधल्या डिचलिंग नावाच्या खेड्यात राहायला गेला. तिथं तो अक्षरांकडून मूर्तींकडे वळला. १९१३ मध्ये त्यानं कॅथलिक पंथ स्वीकारला, आणि लगेच त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधलं मोठं काम मिळालं. ख्रिस्ताच्या वधस्तंभाकडच्या वाटेवरचे चौदा प्रसंग दगडात कोरायचे. ते काम १९१८ पर्यंत चाललं आणि गिलचं नाव देशभर झालं. आपल्या देशाशीही त्याचा एक धागा होता. भारतीय शिल्पांचा तो भक्त होता. आनंद कुमारस्वामींनी भारतीय कलाकृतींचा 'विश्वकर्मा' हा चित्रसंग्रह १९१४ मध्ये काढला, त्याची प्रस्तावना गिलची आहे.

डिचलिंगला त्यानं समविचारी कारागिरांचा एक संघ उभा केला. विणकर, मुद्रक, सुतार, सोनार. सगळे हातानं काम करणारे, सगळे प्रार्थना करणारे. कारखान्यांनी माणसाचं काम हिरावून घेतलं, त्याला यंत्राचा दात करून टाकलं, असं गिलचं ठाम मत होतं. वाचताना आपल्याला चरखा आठवल्याशिवाय राहत नाही. तो पँटसुद्धा घालत नसे, त्याऐवजी कमरेला पट्टा बांधलेला पायघोळ अंगरखा घाली आणि पँट किती वाईट यावर त्यानं एक पुस्तिकाही लिहिली. लीड्स विद्यापीठासाठी युद्धस्मारक करायला सांगितलं, तर या गृहस्थानं ख्रिस्त मंदिरातून सावकारांना हाकलतो आहे असं शिल्प केलं, आणि सावकारांना चढवले त्या काळच्या व्यापाऱ्यांचे कपडे. १९२३ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. बँकेत जन्म घालवलेल्या मला हे वाचून थोडं हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

यंत्राचा असा हाडवैरी असलेल्या या माणसाच्या हातून विसाव्या शतकातलं एक सर्वांत यंत्रस्नेही अक्षर कसं घडलं, ही गोष्टही मजेची आहे. मोनोटाइप ही छपाईची यंत्रं आणि टाइप तयार करणारी इंग्लंडची मोठी कंपनी. तिचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन गिलच्या मागे लागले होते. १९२६ मध्ये गिलनं ब्रिस्टल शहरात एका तरुण पुस्तकविक्रेत्याच्या दुकानावर पाटी रंगवली. बिनशेपटीची, साधी, मोठी अक्षरं. मॉरिसन यांनी ती पाहिली आणि याच अक्षरांचा टाइप करायचं ठरवलं. १९२८ मध्ये गिल सॅन्सची पहिली अक्षरं बाहेर आली. आधी फक्त मोठी, म्हणजे कॅपिटल. ती मुद्रकांच्या एका परिषदेत मांडली गेली तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत लहान अक्षरं आली आणि त्यांच्या मागोमाग तिरपं अक्षर, इटालिक आलं.

मला या सगळ्या कुटुंबात ते तिरपं अक्षरच सर्वांत आवडतं, म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द. इटालिक हे मुळात इटलीचं. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियस या प्रकाशकानं खिशात मावतील अशा पुस्तकांसाठी, विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून ते प्रथम वापरलं. म्हणजे इटालिक हे पळत्या हाताचं अक्षर. पुढे ते सरळ अक्षराचं सोबती झालं. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा, पुस्तकाचं नाव सांगायचं, परभाषेतला शब्द दाखवायचा, की ओळीत तेवढाच शब्द तिरपा.

बिनशेपटीच्या अक्षरांची पंचाईत अशी, की त्यांना हस्ताक्षराचा वारसा नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी सरळ अक्षर नुसतं एका बाजूला कलतं केलं जाई आणि त्यालाच इटालिक म्हटलं जाई. वाऱ्यानं वाकलेल्या विजेच्या खांबासारखं ते दिसतं. गिलनं तसं केलं नाही. बोरूनं लिहिताना हात जसा वळतो, ते वळण त्यानं त्या साध्या रेघेत आणलं. सरळ गिल सॅन्समधला लहान ए दुमजली आहे, छापील पुस्तकातल्यासारखा. तिरप्यात तो एकमजली होतो, आपण हातानं लिहितो तसा. लहान पी बघावा. त्याच्या पोटाची रेघ खाली येऊन उभ्या दांड्याला नुसती टेकत नाही, तर तो ओलांडून किंचित पलीकडे डोकावते. जॉन्स्टनच्या वर्गात गिरवलेल्या अक्षरांची आठवण त्या एवढ्याशा टोकात राहिली आहे. सरळ अक्षर दगडाचं आणि तिरपं अक्षर बोरूचं. गिलच्या दोन्ही विद्या या एका टाइपात शेजारी शेजारी नांदतात.

अर्थात त्यात दोषही आहेत, आणि त्यांतला एक मी भोगला आहे. गिल सॅन्सच्या सरळ अक्षरांत कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा हे तिन्ही म्हणजे नुसती एकेक उभी रेघ. बँकेत कम्प्युटर आल्यानंतरच्या काळात एका ग्राहकाचं याच सुबक अक्षरात छापलेलं पत्र आलं. त्यातल्या खुणेच्या क्रमांकातला आय मी एक म्हणून वाचला. दोन दिवस त्या गृहस्थांचे पैसे अडकले आणि मी साहेबांसमोर खाली मान घालून उभा राहिलो. ते पत्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षर निर्दोष सुंदर होतं, आणि त्यावरून काय खरं ते कळत नव्हतं. आज वाटतं, तो मला मिळालेला इशाराच होता.

१९२९ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं हे अक्षर घेतलं. वेळापत्रकं, जाहिराती, स्टेशनांवरच्या पाट्या, सगळीकडे एकच अक्षर. लहानपणी इंजिनांची चित्रं काढणाऱ्या गिलनं 'फ्लाइंग स्कॉट्समन' या प्रसिद्ध गाडीसाठी नावाची पाटी रंगवली आणि त्या गाडीच्या इंजिनावर उभं राहून प्रवासही केला. १९३५ मध्ये पेंग्विनची पुस्तकं आली. १९४८ नंतर सरकारी ब्रिटिश रेल्वेनंही आपल्या पाट्यांसाठी हेच अक्षर घेतलं. मधल्या काळात गिलनं लंडनच्या बीबीसीच्या दारावर शेक्सपिअरच्या नाटकातल्या प्रॉस्परो आणि एरियल यांची मूर्ती कोरली, जिनिव्हाला राष्ट्रसंघासाठी भव्य शिल्पपट कोरला, १९३७ च्या टपाल तिकिटांवर अक्षरं काढली. १९३१ मध्ये त्यानं टाइप आणि छपाईवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते अजूनही छापलं जातं. ते त्यानं आपल्याच एका नव्या टाइपात छापलं. त्या टाइपाला नाव दिलं होतं जोआना, धाकट्या मुलीच्या नावावरून.

१७ नोव्हेंबर १९४० रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरनं तो गेला. थडग्यावर आपली ओळख दगड कोरणारा एवढीच असावी, अशी त्याची इच्छा होती. त्याचं आत्मचरित्र त्याच सुमारास बाहेर आलं. साधेपणानं, श्रद्धेनं, हातच्या कामावर जगलेल्या एका कुटुंबवत्सल माणसाची ती गोष्ट म्हणून लोकांनी वाचली. १९६६ मध्ये निघालेल्या त्याच्या चरित्रानंही त्या चित्राला धक्का लावला नाही. ही गोष्ट इथंच संपली असती, तर गुरुजींचं म्हणणं खरं ठरलं असतं.

१९८९ मध्ये फियोना मॅकार्थी या लेखिकेनं गिलचं नवं चरित्र लिहिलं. गिल रोज डायरी लिहीत असे, आणि त्या डायऱ्या अमेरिकेत लॉस एंजलिसच्या एका ग्रंथालयात जपून ठेवलेल्या होत्या. कोणत्या दगडावर किती तास काम केलं, किती पैसे आले, हे तो काटेकोरपणे टिपून ठेवी. त्याच डायऱ्यांत, तितक्याच थंडपणे, आणखीही नोंदी होत्या. आपल्या दोन थोरल्या मुली वयात येत असताना गिलनं त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. घरातल्या आणखीही नात्यांच्या मर्यादा त्यानं ओलांडल्या होत्या. रविवारच्या पुरवणीत यापेक्षा अधिक तपशील देण्याची गरज नाही, पण हे लपवून गिलचं चरित्र सांगणंही बरोबर नाही. पुष्कळ वर्षं तेच झालं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला सर्वांत जास्त लागलं ते त्या नोंदींचं खतावणीसारखं असणं. जमाखर्च मी जन्मभर पाहिला. वहीत सगळं नीट लिहिलं असलं की व्यवहार नीट आहे असं आपण धरून चालतो. दुसरी गोष्ट लागली ती त्या घराची रचना. मुलींना शाळेत घातलं नव्हतं. त्यांचं शिक्षण घरीच. घर गावकुसाबाहेर, पुढे तर वेल्सच्या डोंगरात. घरात रोज प्रार्थना, घरचं दूध, घरची भाकरी. भेटायला येणारे लोक थक्क होत आणि आदर्श कुटुंब म्हणून त्याचं वर्णन करत. वडील हेच पालक, हेच शिक्षक, हेच धर्म सांगणारे. त्या मुलींनी सांगायचं ठरवलं असतं, तरी कुणाला सांगणार होत्या? बाहेरचा डोळा ज्या घरात पोचत नाही, ते घर कितीही पवित्र दिसत असलं तरी तिथल्या लेकरांची चिंता वाटली पाहिजे. हे फक्त इंग्लंडमधल्या एका खेड्याबद्दल खरं आहे असं नाही.

तेव्हापासून गिलच्या कामाचं काय करायचं, हा वाद चालू आहे. १९९८ मध्ये अत्याचार सोसलेल्या लोकांच्या संघटनांनी वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधली शिल्पं काढावीत अशी मागणी केली. ती मानली गेली नाही. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये एकेका माणसानं बीबीसीच्या दारावर चढून त्या मूर्तीवर हातोडा चालवला. मुलांसाठी काम करणारी 'सेव्ह द चिल्ड्रेन' ही संस्था वर्षानुवर्षं गिल सॅन्स वापरत होती. २०२२ मध्ये तिनं ते सोडायचं ठरवलं. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. मुलांच्या रक्षणाची हाक त्या हाताच्या अक्षरात जाऊ नये.

मग माझ्या कपाटातल्या नारिंगी पुस्तकांचं काय? मी पुष्कळ विचार केला. अक्षर हे कधी एकट्याचं नसतं, हे पहिलं. गिल सॅन्सच्या मागे जॉन्स्टन आहेत. १९१६ मध्ये भुयारी रेल्वेसाठी त्यांनी केलेल्या अक्षरावरूनच गिल पुढे गेला. त्यांच्याही मागे ट्रेजनच्या स्तंभावरचे निनावी पाथरवट आहेत. गिलनं कागदावर काढलेली अक्षरं मोनोटाइपच्या सालफर्ड्स इथल्या कारखान्यात मोठी करून पुन्हा रेखली गेली, आणि त्या रेखनविभागात काम करणाऱ्यांत पुष्कळ बायका होत्या. जाड, बारीक, अरुंद, असे या अक्षराचे कितीतरी प्रकार याच विभागात तयार झाले. त्या बायकांची नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांचा आणि हातांचा त्या अक्षरावर हक्क आहे. तेव्हा पुस्तकं मी ठेवली.

पण त्या अक्षराच्या सौंदर्यानं गिलच्या खात्यावरचं काही वळतं होणार नाही, हे दुसरं. इकडची जमा तिकडच्या नावे टाकण्याची सोय या हिशेबात नाही. मुलींचं नुकसान ते नुकसान, आणि अक्षर ते अक्षर. दोन्ही खाती उघडी राहतील.

आणि तिसरं मला माझ्या नोकरीनं शिकवलं होतं, फक्त मला ते उशिरा कळलं. सही जुळली याचा अर्थ एवढाच, की हा हात तोच आहे. तो माणूस कसा आहे, हे सही सांगत नाही. ते सांगण्यासाठी नमुना कार्ड ठेवलेलंच नसतं. परवा नातवाची शुद्धलेखनाची वही पाहिली. अक्षर वळणदार आहे. मी त्याला शाबासकी दिली, आणि अक्षराचीच दिली.